पिकवणी चेंबरसाठी कंट्रोलर कोणता घ्यावा? आधी कॉइल बघा

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घरची केळ्यांची वखार आहे, आता तुर्भ्यात एपीएमसीजवळ गाळा घेतलाय. त्यात दहा-दहा टनांचे दोन पिकवणी चेंबर करायचेत. वर्षभर केळी आणि मार्च ते मे हापूस. शिवाय सुकी मिरची आणि सुकामेव्यासाठी एक लहान थंड खोली. तीन कोटेशनं हातात आहेत. एकात साधा डिजिटल थर्मोस्टॅट आणि वेगळा ह्युमिडिस्टॅट (आर्द्रतेवर चालू-बंद होणारा स्विच), दुसऱ्यात तापमान-आर्द्रता एकत्र सांभाळणारा इटालियन कंट्रोलर, तिसऱ्यात टचस्क्रीनचा पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा औद्योगिक कंट्रोलर) आणि मोबाइल अ‍ॅप. विचारणाऱ्यांना ९० टक्के आर्द्रता अधिक-उणे १ टक्क्यात धरणारा कंट्रोलर हवाय. जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की मेहुण्यांच्या नौपाड्यातल्या बेकरीत पावाच्या प्रूफिंगला (पीठ फुगवायला) हाच कंट्रोलर चालेल का.

अधिक-उणे १ टक्का तिघांपैकी कोणीच धरणार नाही, आणि त्यात कंट्रोलरचा दोष नसेल. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनांत कंट्रोलरचं वर्णन अर्धं पान आहे आणि कॉइलबद्दल, म्हणजे खोलीतली उष्णता ओढणाऱ्या गार नळ्या-पत्र्यांबद्दल, एकच ओळ, ‘सुटेबल इव्हॅपोरेटर’. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न त्या एका ओळीत आहे. थंड खोलीची आर्द्रता मुख्यतः कॉइल ठरवते. कंट्रोलर फक्त कॉइलला चालू-बंद म्हणतो आणि आकडा दाखवतो.

हिशोब करून बघू. चेंबर १६ अंशांवर आहे आणि आत ९० टक्के आर्द्रता आहे. या हवेचा दवबिंदू येतो साधारण १४.३ अंश. म्हणजे कॉइलचा पत्रा १४.३ च्या खाली गेला की हवेतलं पाणी त्यावर जमणार आणि ड्रेनने बाहेर जाणार. कॉइल खोलीपेक्षा गार असल्याशिवाय खोली गार होत नाही, त्यामुळे थोडं पाणी जाणारच. किती जाणार ते ठरतं खोलीची हवा आणि कॉइलमधल्या गॅसचं बाष्पीभवन तापमान यांच्या फरकावरून. धंद्यात याला टीडी म्हणतात. ९० टक्क्यांच्या आसपास राहायचं तर टीडी साडेचार ते साडेपाच अंश लागतो. सहा-साडेसहाला गेलात की खोली ८५ वर बसते, सातच्या पुढे ८० वर. टीडी १० ठेवलात, म्हणजे १६ अंशांच्या खोलीत गॅस ६ अंशांवर उकळतोय, तर कॉइल एक उत्तम डिह्युमिडिफायर झाली म्हणून समजा.

आता गंमत अशी की कॉइलची क्षमता टीडीच्या जवळजवळ प्रमाणात असते. कॅटलॉगमध्ये ८ किंवा १० अंशांच्या टीडीवर छापलेली किलोवॅट क्षमता ५ वर वापरायला गेलं की साधारण अर्धी उरते. म्हणजे तेवढ्याच मालासाठी जवळपास दुप्पट कॉइल लागते. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम फुकट मिळत नाही, म्हणून स्वस्त कोटेशनमध्ये पहिली कात्री इथे लागते. कोरड्या पडलेल्या खोलीत मग ह्युमिडिफायर बसवून दिला जातो. एका बाजूने ह्युमिडिफायर पाणी फेकतो, दुसऱ्या बाजूने कॉइल ते ओढून ड्रेनमध्ये टाकते, आणि विजेचं बिल तुम्ही दोघांचंही भरता. कॉइलवर जमणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्यामागे जवळजवळ ०.७ किलोवॅट-तास थंडावा खर्च होतो.

तेव्हा तिन्ही ठेकेदारांना एकच लेखी प्रश्न पाठवा: खोली १६ अंश, पूर्ण माल, पिकण्याच्या सर्वात गरम दिवशी कॉइलचा टीडी किती, आणि त्या टीडीवर निवडलेल्या मॉडेलची क्षमता किती? जो आकडा देईल त्याच्याशी पुढे बोला. ‘साहेब, आम्ही इतक्या ठिकाणी लावलंय’ हे उत्तर आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

‘सर्वात गरम दिवशी’ हे शब्द मुद्दाम घातलेत. केळी पिकवायचा गॅस (इथिलीन) दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतः उष्णता टाकायला लागतात, श्वसन कित्येक पटींनी वाढतं. त्या दिवशी हवा १६ दाखवत असताना गर १८-१९ असू शकतो. कॉइल तोकडी असेल तर कंप्रेसर थांबतच नाही, कॉइलमधल्या गॅसचं तापमान आणखी खाली घसरतं, टीडी वाढतो आणि नेमकं साल पिवळं व्हायच्या वेळी खोली कोरडी पडते. देठाकडून सुकलेल्या, सालीवर तपकिरी खरचटे उठलेल्या फण्या येतात त्या बहुतेक इथून. वजनाची घट वेगळीच. दहा टनांत एक टक्का म्हणजे १०० किलो.

ह्युमिडिफायरबद्दल एक स्थानिक मुद्दा आहे, तो कोटेशन देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांचा हिशोब बहुतेक वेळा जळगाव-रावेरकडच्या चेंबरवरून उचललेला असतो. तिकडे मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दर किलोमागे साडेसात ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. तुमच्या १६ अंश-९० टक्क्यांच्या खोलीतल्या हवेत असतं सुमारे १० ग्रॅम. म्हणजे तिकडे हवा बदलली की खोली कोरडी होते. इथे जुलैत २९ अंश-८८ टक्क्यांच्या हवेत २२ ग्रॅम असतं, मे महिन्यातही २० च्या आसपास. फक्त डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या पहाटे बाहेरची हवा तुमच्या खोलीच्या बरोबरीला किंवा किंचित खाली येते. ८० घनमीटरच्या चेंबरची हवा पावसाळ्यात एकदा पूर्ण बदललीत की लिटरभर पाणी वाफ होऊन आपसूक आत येतं. ठाणे-नवी मुंबईत बाहेरची हवा जवळजवळ वर्षभर तुमच्या खोलीला पाणीच देत असते. खोली कोरडी करणारी एकच वस्तू उरते, ती कॉइल. कॉइल नीट निवडली तर ह्युमिडिफायर लहान लागतो आणि जून ते सप्टेंबर बराच काळ बंद बसतो.

जुन्या चेंबरची परीक्षा करायची सोपी रीत आहे. माल भरलेला असताना कॉइलच्या ड्रेनखाली बादली ठेवा आणि चोवीस तासांत किती पाणी साचलं ते मोजा. दरवाजा बंद, ह्युमिडिफायर बंद आणि बाहेरची हवा आत नाही, अशा दिवशी बादलीत ४० लिटर आलं असेल तर ते पाणी केळ्यांमधूनच आलंय. म्हणजे दिवसाला ४० किलो वजन. पवने एमआयडीसीत एका चेंबरमध्ये डिस्प्ले ९७ टक्के दाखवत होता आणि बादली भरत होती. मालक डिस्प्लेवर विश्वास ठेवून फळवाल्याशी भांडत होते.

यावरून सेन्सरवर येतो, कारण कंट्रोलरपेक्षा पैसे तिथे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारातले बहुतेक आर्द्रता सेन्सर कपॅसिटिव्ह असतात. पातळ पॉलिमरचा थर पाणी शोषतो आणि त्याची धारकता बदलते. हे सेन्सर मधल्या पट्ट्यात, २० ते ८० टक्क्यांत, छान वागतात. सतत ८० च्या वर ठेवलं की वाचन काही टक्क्यांनी सरकतं, हे चांगल्या उत्पादकांच्या स्वतःच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं. आणि पिकवणी चेंबर तर वर्षभर ९० च्या आसपास. त्यात इथिलीन जनरेटर अल्कोहोलवर चालतो. त्याची वाफ खोलीत सुटली तर तीही त्या पॉलिमरला त्रास देते. सेन्सरवर दव जमलं की डिस्प्ले ९९ वर जाऊन चिकटतो आणि वाळेपर्यंत उतरत नाही. दोन-तीनशे रुपयांत मिळणारे प्लॅस्टिक जाळीचे डीएचटी-२२ सेन्सर इथे मुळीच नकोत. कॉलेजच्या प्रोजेक्टला ते ठीक आहेत. घ्यायचाच तर ४-२० मिलिअँपचा सिग्नल देणारा ट्रान्समीटर घ्या. त्याचा प्रोब वायरवर लांब असावा, इलेक्ट्रॉनिक्स चेंबरच्या बाहेर राहावं, टोकाला पीटीएफई किंवा सिंटर्ड फिल्टर असावा आणि प्रोब बदलून मिळावा. वर्ष-दोन वर्षांनी प्रोब बदलायचाच आहे असं धरून चाला. प्रोब किंचित गरम ठेवून दव टाळणारे ट्रान्समीटर येतात, महाग पण उत्तम.

माझी आवड मात्र जुनीच आहे, ओला-कोरडा थर्मामीटर. दोन जुळे पीटी-१०० (प्लॅटिनमचे तापमान मोजणारे) प्रोब घ्यायचे. एक कोरडा, दुसऱ्यावर सुती वात. वातीचं टोक डिस्टिल्ड पाण्याच्या कपात आणि दोन्हींवर छोट्या पंख्याचा सेकंदाला तीन मीटरच्या आसपास झोत. १६ अंशांवर फरक १ अंश असेल तर आर्द्रता ९० टक्के, अर्धा अंश असेल तर ९५. फरक शून्याकडे गेला की खोली संपृक्त झाली, यात शंकेला जागा नाही. दव, अल्कोहोल, वर्षभराची ओल, कशानेही हे वाचन सरकत नाही. अट एकच, दोन्ही प्रोब एकमेकांशी ०.१ अंशात जुळलेले हवेत, कारण तिथला ०.१ चा फरक म्हणजे आर्द्रतेत एक टक्का. तेव्हा क्लास बी (साध्या अचूकतेचे) प्रोब दोन वेगळ्या दुकानांतून आणू नका, जुळवलेली जोडी मागवा. आणि वात बदला. पंधरवड्यात ती पिवळट होते, महिन्यात टोकाशी कडक होऊन पाणी वर चढवत नाही. मग ओला प्रोबही कोरडा होतो आणि डिस्प्ले सांगतो आर्द्रता ६०. वात बदलणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर कपॅसिटिव्हच घ्या. हे मी गमतीने म्हणत नाही. ज्या वखारीत संध्याकाळनंतर फक्त हमाल आणि रखवालदार असतात तिथे वातीचा भरवसा धरू नये.

कपॅसिटिव्ह सेन्सर तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. रुंद तोंडाच्या डब्यात खायचं मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत पाणी घाला, म्हणजे मीठ दिसलं पाहिजे आणि वर पाणी तरंगता कामा नये. झाकणाला भोक पाडून प्रोब वरच्या हवेत लटकवा, मिठाला लागू देऊ नका. भोक टेपने बंद करा आणि डबा तापमान न हलणाऱ्या जागी रात्रभर ठेवा. त्या डब्यात आर्द्रता ७५ टक्केच असते, तापमान २० असो की ३०, फरक नगण्य. सकाळी ७५ ऐवजी ८१ दिसलं तर प्रोब ६ टक्के फेकतोय. वरच्या पट्ट्यासाठी हीच तपासणी पोटॅशियम सल्फेटने करा, तिथे ९७ यायला हवं. तापमानाच्या प्रोबला बर्फाचा चुरा आणि पाणी, शून्य. निर्यातदार किंवा मोठ्या साखळी दुकानांना माल देणार असाल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र लागेलच, पण डब्याची तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी घरी करावी.

प्रोब कुठे लावला हे त्याच्या किमतीइतकंच महत्त्वाचं आहे. कॉइलमधून सुटणाऱ्या गार झोतात नको, दरवाज्याशी नको, ह्युमिडिफायरच्या धुक्यात तर अजिबात नको. क्रेटमधून फिरून कॉइलकडे परत जाणाऱ्या हवेत, डोक्याच्या उंचीला, भिंतीपासून सुटा. केबल शील्डेड घ्या आणि व्हीएफडीच्या (पंख्याचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलपासून वेगळ्या पाइपमधून न्या, नाहीतर पंख्याचा वेग बदलला की आर्द्रता नाचते.

आता कंट्रोलर. पहिल्यांदा तुमच्या अधिक-उणे १ टक्क्याचा निकाल लावतो. १६ अंशांवर ९० टक्के असलेली हवा १७ ला नेली, तिच्यात पाण्याचा एक थेंबही वाढवला-घटवला नाही, तरी आर्द्रता ८४-८५ होते. एका अंशाला साडेपाच टक्के. साध्या थर्मोस्टॅटमध्ये २ अंशांचा डिफरन्शियल (चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक) ठेवला असेल तर निव्वळ त्यानेच आर्द्रता दहा टक्के हेलकावे खाणार. वेगळा ह्युमिडिस्टॅट बिचारा त्या हेलकाव्यामागे धावत पाणी फेकत राहतो, आणि कंप्रेसर सुरू झाल्यावर तेच पाणी क्रेटवर दव होऊन बसतं. म्हणून पहिलं कोटेशन बाजूला ठेवा. तापमान अर्ध्या अंशात धरा, आर्द्रता ८८ ते ९४ मध्ये फिरू द्या. केळ्यांना तेवढं पुरतं.

अर्धा अंश धरायचा तर कंप्रेसरला भार कमी-जास्त करता यायला हवा. इन्व्हर्टर किंवा डिजिटल स्क्रोल असेल तर उत्तम. बजेट नसेल तर कॉइलच्या सक्शन लाइनवर इव्हॅपोरेटर प्रेशर रेग्युलेटर बसवा. तो गॅसचा दाब ठरावीक पातळीच्या खाली जाऊ देत नाही, म्हणजे भार कमी असतानाही कॉइल फार गार पडत नाही. त्याच्या जोडीला पंख्यांना व्हीएफडी किंवा ईसी मोटर. कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्हही चांगला, पण आधी कॉइल, मग रेग्युलेटर, मग व्हॉल्व्ह, याच क्रमाने पैसे घाला.

दुसऱ्या कोटेशनमधला दोन-चॅनेल कंट्रोलर तुमच्या पिकवणी चेंबरला पुरेसा आहे. त्यात पुढच्या गोष्टी आहेत का, एवढं मॅन्युअल मागवून बघा. तापमानाला ०.१ चं रिझोल्यूशन. आर्द्रतेला दोन्ही बाजूंचा न्यूट्रल पट्टा, म्हणजे ह्युमिडिफायर आणि डिह्युमिडिफायर एकाच वेळी चालू होणार नाहीत. कंप्रेसरला किमान बंद-वेळ. दोन-तीन जादा प्रोब, गराचं तापमान बघायला. आरएस-४८५ मॉडबस पोर्ट, बाहेरची उपकरणं जोडायला. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्रोब तुटला तर तो काय करतो. बरोबर वागणूक अशी की तापमानाचा प्रोब गेला तर कंप्रेसर ठरलेल्या मिनिटांच्या चक्राने चालू-बंद व्हावा, आर्द्रतेचा गेला तर ह्युमिडिफायर बंदच राहावा. उलट केलेलं असेल तर एका रात्रीत कोरुगेटेड खोके ओले होऊन थप्पी कलंडते.

इटालियनच हवा असं काही नाही. महाप्यात बनणारे सेलेकसारखे भारतीय कंट्रोलर माणूस हातात धरून दुरुस्त करून घेऊ शकतो. रात्री दोनला कंट्रोलर मेला तर सकाळी दहाला दुसरा मिळणं याला तुर्भ्यात मोल आहे. दोन्ही चेंबरला एकच मॉडेल घ्या आणि एक सुटा कपाटात ठेवा.

कंट्रोलरच्या रिलेवर ८ किंवा १० अँपिअर लिहिलेलं असतं, ते रेझिस्टिव्ह भारासाठी. त्यावर कंप्रेसर किंवा ह्युमिडिफायर थेट जोडू नका, मध्ये कॉन्टॅक्टर (जड भार पेलणारा स्विच) घाला. कंट्रोलरच्या संगतीत शे-पाचशे रुपयांचा एक साधा कॅपिलरी थर्मोस्टॅट वेगळा बसवा, १३ अंशांवर कंप्रेसर तोडणारा. केळ्याला १३ च्या खाली थंडी लागते, साल राखाडी पडतं आणि मग कितीही पिकवलं तरी पिवळा रंग उजळत नाही. इलेक्ट्रॉनिक्स कितीही भारी असलं तरी रिले चिकटतो, आणि चिकटलेल्या रिलेला सॉफ्टवेअर थांबवू शकत नाही. वरच्या बाजूलाही अलार्म हवा. कॅव्हेंडिश जातीचं केळं, म्हणजे आपलं जी-नाइन, २४ च्या वर पिकलं तर आतून मऊ आणि बाहेरून हिरवट राहतं.

टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, आणखी एक काळजी. खाडीची खारी हवा आणि आजूबाजूचे रासायनिक कारखाने मिळून तांब्याला काळं करतात. उघड्या पीसीबीवरचे ट्रॅक दोन-तीन पावसाळ्यांत खाल्ले जातात. पीसीबीवर संरक्षक लेप (कॉन्फॉर्मल कोटिंग) असलेला कंट्रोलर मागा, पॅनेल आयपी-६५ (धूळ-पाणी आत न घेणारं) आणि चेंबरच्या बाहेर, कॉइलला इपॉक्सी लेप. यात काटकसर करू नका.

आता तिसरा पीएलसी. त्याची एक खरी जमेची बाजू आहे ती म्हणजे दिवसांचा कार्यक्रम. केळ्यांना पहिले दोन दिवस १७-१८, मग रोज एखाद अंश उतरवत शेवटी १४, मध्ये इथिलीन, मग ठरलेल्या वेळाने हवा बदलणं. हे सगळं तो आपोआप करतो. वीज गेली-आली तर त्याने त्याच टप्प्यावरून पुढे सुरू करायला हवं. ते तपासायला डेमोच्या वेळी मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी चालू करा आणि बघा. काही यंत्रं पुन्हा पहिल्या दिवसावर जातात आणि पिकलेल्या मालाला दुसऱ्यांदा गॅस देतात. चार-सहा चेंबर असते तर मी पीएलसीच घ्या म्हटलं असतं. दोन चेंबरला, सेट पॉइंट रोज सकाळी हाताने बदलणारा एक जबाबदार माणूस असेल तर, ती रक्कम कॉइलमध्ये घाला.

गॅसबद्दल थोडंच. एफएसएसएआयच्या नियमांनी कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे आणि इथिलीनला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. ८० घनमीटरच्या चेंबरला १०० पीपीएम म्हणजे जेमतेम ८ लिटर वायू, यावरून सिलिंडर उघडून ‘अंदाजाने’ सोडणं किती वेडेपणाचं आहे ते कळेल. हवेत २.७ टक्क्यांच्या वर इथिलीन पेट घेऊ शकतो. कार्बन डायऑक्साइडला मात्र कंट्रोल हवाच. तो एक टक्क्याच्या वर साचला की पिकणं मंदावतं, आणि आत शिरणाऱ्या माणसालाही धोका. एनडीआयआर (इन्फ्रारेडने हा वायू मोजणारा) सेन्सर लावून एक्झॉस्ट फॅनला जोडा. हापूससाठी तापमान २० ते २२, आर्द्रता तशीच ९० च्या आसपास. त्यामुळे तीच कॉइल चालते, सेट पॉइंट फक्त बदलतो.

ह्युमिडिफायर कुठला, तर तुमच्या आकाराला फिरत्या चकतीचा किंवा अल्ट्रासोनिक. अल्ट्रासोनिकचं धुकं बारीक, पण पाण्यातला सगळा क्षार पांढरी भुकटी होऊन केळ्यांवर बसतो, म्हणून आरओचं पाणी अनिवार्य. एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी त्यातल्या त्यात चालेल, पण टँकर किंवा खाडीजवळच्या बोअरवेलचं पाणी एका आठवड्यात ट्रान्सड्यूसर मारतं. टाकीत पाणी साचू देऊ नका, रोज रिकामी करा, शेवाळ आणि जंतू धुक्यातून थेट मालावर आणि माणसांच्या छातीत जातात. चकतीचा ठोकळ असतो, थेंब मोठे असतात, पण आडदांड आणि सोसणारा.

सुक्या मिरचीची खोली हे वेगळंच जनावर आहे. तिथे हवंय ८-१० अंश आणि ६० टक्के. १० अंश-६० टक्क्यांचा दवबिंदू अडीच अंशांच्या आसपास, म्हणजे कॉइल त्याच्या बरीच खाली न्यावी लागते, बर्फ धरतो आणि डीफ्रॉस्ट लागतो. इथे टीडी मुद्दाम जास्त ठेवा, कॉइल लहान, आणि कॉइलनंतर रीहीट हीटर. रात्री भार कमी झाला की खोली लगेच थंड होते, कंप्रेसर थांबतो आणि आर्द्रता चढू लागते. तेव्हा कंट्रोलरने कंप्रेसर आणि हीटर एकत्र चालवले पाहिजेत. कॉइल पाणी काढते, हीटर तापमान परत देतो. पिकवणी चेंबरमध्ये मी ज्याला पैशांची उधळण म्हटलं असतं तेच इथे योग्य आहे. हीटरला पंख्याचं इंटरलॉक आणि वेगळा ओव्हर-टेम्परेचर कटआउट, याशिवाय चालू करू देऊ नका. मिरचीची धूळ आणि तापलेला हीटर यांची गाठ पडायला नको.

मसाला मार्केटसारखी दिवसभर दार उघड-झाप होणार असेल तर रीहीटने भागत नाही, डेसिकंट रोटर (हवेतली ओल शोषणारं फिरतं चाक) लागतो. बाजारात मिळणारा साधा कंप्रेसरवाला डिह्युमिडिफायर इथे घेऊ नका. तो १५ अंशांच्या खाली स्वतःच्याच कॉइलवर बर्फ धरून बसतो. मिरची-बदामाला ६५ टक्क्यांच्या वर ठेवलं की बुरशीला वाट मोकळी होत जाते आणि मागोमाग अफ्लाटॉक्सिनचा घोर. या खोलीला कपॅसिटिव्ह सेन्सर अगदी योग्य, तो त्याच्या आवडत्या पट्ट्यात काम करतो. दाराबाहेर लहानशी अँटीरूम आणि पट्ट्यांचा पडदा करा. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ च्या वर असतो, १० अंशांचं पोतं थेट बाहेर काढलंत की पाच मिनिटांत ओलं. आधी अँटीरूममध्ये झाकून गरम होऊ द्या, मग गाडीत.

बेकरीचं लवकर आवरतो. प्रूफिंगला ३५ अंश आणि ८० टक्के, म्हणजे उष्णता आणि ओल दोन्ही घालायचीत, काढायचं काही नाही. वाफेचा छोटा बॉयलर आणि पहिल्या कोटेशनमधली थर्मोस्टॅट-ह्युमिडिस्टॅटची साधी जोडी तिथे चालते. फक्त इलेक्ट्रोड बॉयलर घेतला तर त्याला आरओचं पाणी देऊ नका. क्षार नसेल तर पाण्यातून वीज वाहत नाही आणि वाफ येत नाही. नौपाड्यात नळाचंच पाणी घाला.

ऑर्डरमध्ये हे लेखी घ्या: स्वीकृती चाचणी भरलेल्या चेंबरवर, गॅस दिल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, चोवीस तास. नऊ ठिकाणी लॉगर. गराचं तापमान सगळीकडे एका अंशाच्या आत, आर्द्रता ८५ च्या खाली कुठेही नाही, आणि ड्रेनचं पाणी मोजलेलं. रिकाम्या खोलीवर चाचणी करून दाखवायला सगळे तयार असतात. शेवटचे दहा टक्के पैसे या चाचणीपर्यंत रोखून ठेवा.

आणि मोबाइल अ‍ॅप? मॉडबस पोर्ट असेल तर लॉगर आणि जीएसएम अलार्म नंतर कधीही जोडता येतो. अलार्म कोणाच्या फोनवर जाणार आणि तो माणूस रात्री तुर्भ्याला किती वेळात पोचणार, ते आधी ठरवा. ठाण्याहून येणार असेल तर गाळ्यातल्या रखवालदाराला मेन पॅनेलवरचा लाल दिवा दाखवून ठेवा आणि हाताने कॉइलचे पंखे चालू ठेवायला शिकवा.